"पचवतो हो पोरगा!"
आज भाच्याच्या हळदीला मंडपामागे बारावीतला एक मुलगा तिसरी बिअर फोडत होता आणि त्याचे काका कौतुकाने सांगत होते, "बघा, जरासुद्धा डुलत नाही. पचवतो हो पोरगा!"

मला हे कौतुकच खटकलं. दारूची सुस्ती आणि तोल जाणं कोवळ्या वयात कमी जाणवतं, हे उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलंय. पण आठवणी साठवणाऱ्या हिप्पोकॅम्पसला फटका जास्त बसतो. म्हणजे 'आता पुरे' सांगणारी झोप येत नाही, पोरगं पीतच राहतं आणि सकाळी रात्रीचं अर्धं काही आठवत नाही. त्याला आपण पचवणं म्हणतो!

कपाळामागचा भाग, जो आवर घालतो, परिणामांचा विचार करतो, तो साधारण पंचविशीपर्यंत घडत असतो. भरपूर पिणाऱ्या मुलांच्या मेंदूच्या स्कॅनमध्ये ही घडण बिघडलेली दिसते. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत १५ वर्षांच्या आत सुरुवात करणाऱ्यांना पुढे व्यसन जडण्याचं प्रमाण २१ नंतर सुरू करणाऱ्यांच्या जवळपास चौपट निघालं होतं. (आपल्याकडे बिअरला २१ आणि कडक दारूला २५ वर्षं पूर्ण लागतात, पण हळदीत कायदा कोण विचारतो!)

काकांना हे थोडक्यात सांगितलं. म्हणाले, "आम्ही नाही का प्यायलो? काय झालं आम्हाला?"

काकूंनी माझ्याकडे असं काही बघितलं की मला हसू आवरेना.

उद्या वरात आहे. पोरांच्या ग्लासात काय आहे ते मी विचारणार. खडूस आत्या म्हणा खुशाल.