चार झाडं, त्यातले नर किती?

आधीच सांगून टाकते, मी कॅनडातल्या ओंटारियोत राहते आणि इथे घरी गांजाची झाडं लावणं कायद्यात बसतं. १७ ऑक्टोबर २०१८ पासून. एका घराला चार झाडं, आणि ती माणशी नाहीत हं, घराला. घरात सहा मोठी माणसं असली तरी चारच. क्युबेकमध्ये घरी लावायला मनाई आहे आणि २०२३ मध्ये कॅनडाच्या सुप्रीम कोर्टाने ती मनाई वैध ठरवली, मॅनिटोबातली मात्र २०२५ मध्ये उठली. जर्मनीतल्या मंडळींना १ एप्रिल २०२४ पासून माणशी तीन झाडं. भारतात मात्र १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याखाली कुंडीत एक रोप लावलं तरी गुन्हा, दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड, तेव्हा तिकडच्या वाचकांनी हे निव्वळ वनस्पतिशास्त्र म्हणून वाचा आणि गच्चीवर प्रयोग करू नका.

लिहायचं कारण असं की दर वर्षी एप्रिल आला की आमच्या बागकामवाल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तोच प्रश्न येतो, बी आणू की कोणाकडून क्लोन (म्हणजे तयार झाडाची कापून मुळं फोडलेली फांदी) घेऊ, आणि मग जुलैमध्ये तीच माणसं झाडाच्या बगलेचे धूसर फोटो टाकून विचारतात, "ताई, हा नर आहे का गं?" दोन्ही प्रश्न खरं तर एकच आहेत. ज्याला चारच झाडांची परवानगी आहे त्याच्यासाठी बी की क्लोन याचा अर्थ इतकाच, की नर-मादी तुम्हाला कधी कळणार आणि तोपर्यंत किती उन्हाळा वाया गेलेला असणार.

या झाडात नर वेगळा, मादी वेगळी. माणसासारखंच एक्स-वाय प्रकरण आहे, मादी एक्स-एक्स, नर एक्स-वाय. साधं बी लावलं तर निम्मे नर निम्म्या माद्या, सरासरीने. सरासरीने हा शब्द महत्त्वाचा, कारण चार बियांमध्ये सरासरी काही कामाची नसते. चारही नर निघायची शक्यता सोळात एक, चारही माद्या निघायची पण सोळात एक, आणि निदान दोन तरी माद्या मिळतील याची सोळात अकरा. आणि कायद्याला तुमचा नर की मादी याच्याशी घेणंदेणं नाही, नरसुद्धा चारात मोजला जातो. लोकांना हवा असतो तो मादीचा फुलोरा, राळ तिथेच धरते. नराचे पराग पडले की मादी राळ धरायचं सोडून बी धरायच्या मागे लागते, मग हातात येतो तो बियांनी भरलेला गांजा.

विदर्भातल्या लोकांना हे समजावताना मी काटवलाचं उदाहरण देते. (पुण्यामुंबईकडे करटोली म्हणतात तेच.) त्याचेही नर वेल वेगळे, मादी वेल वेगळे, बी लावलं तर काय उगवेल ते नशीब, आणि फूल येईपर्यंत पत्ता लागत नाही. फुलाखाली बारीक काटेरी फुगवटा असला तर मादी, नुसताच दांडा असला तर नर. म्हणून लागवड करणारे शहाणे लोक बी लावतच नाहीत, मादी वेलाचे कंद लावतात आणि परागासाठी थोडे नर मध्ये मध्ये ठेवतात. कंद लावला म्हणजे तोच वेल परत आला, क्लोनच की तो. फरक एवढाच की काटवलात फळ हवं म्हणून नर लागतो, इथे फळ नको म्हणून नर नको.

आता ओळखायचं कसं. पूर्ण फुलोरा यायची वाट बघायची गरज नसते. बी रुजून साधारण चार ते सहा आठवडे झाले की मुख्य खोडाला जिथून फांदी फुटते त्या बगलेत पहिलं एकुलतं एक फूल दिसायला लागतं, इथले लोक त्याला प्रीफ्लॉवर म्हणतात. वरून चौथ्या-पाचव्या पेरापासून खाली बघत जायचं, अगदी शेंड्यावर नाही आणि अगदी बुडाशी पण नाही. मादी असेल तर बारीक हिरवी पिशवी आणि तिच्यातून निघालेले दोन पांढरे केस. नर असेल तर छोट्या दांडीवर गोल गोळी, केस नाहीत, आणि थोड्या दिवसांत एकीच्या जागी घोसच होतो. दांडी ही खूण नवख्यांच्या लक्षातच येत नाही, मादीचं फूल बगलेला चिकटून बसतं, नराचं दांडीवर उचललेलं असतं.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो त्या हिरव्या टोकदार काट्यासारख्या पात्यामुळे. प्रत्येक पेराला दोन्ही बाजूंना असतं ते, नरालाही असतं मादीलाही असतं, त्याचा लिंगाशी काही संबंध नाही. ग्रुपवर येणाऱ्या "मादी आहे!!" वाल्या निम्म्या फोटोंत तेच असतं. केस पांढरे पाहिजेत आणि दोन पाहिजेत. शंका असेल तर आठवडाभर थांबा, काही बिघडत नाही, कारण नराची गोळी दिसल्यापासून ती फुटून पराग उडेपर्यंत साधारण दोन-तीन आठवडे जातात. सोनार वापरतात तसलं दहापट भिंग ऑनलाइन स्वस्तात मिळतं, फोनच्या कॅमेऱ्यापेक्षा ते बरं.

नर सहसा आधी दिसतो, आठवडा-दोन आठवडे आधी, आणि उंच, सडपातळ, पेरं लांब लांब असा वाढतो. पण उंचीवरून निकाल देऊ नका. ज्याला ऊन कमी पडलं ते झाडसुद्धा लांब लांबच होतं. आणि बी बघूनच नर-मादी सांगणारे ते तक्ते, बुडाशी खोल खड्डा असलेलं बी मादीचं वगैरे, ते शुद्ध थापा आहेत. खरंच आधी जाणून घ्यायचंच असेल तर कोवळ्या रोपाच्या पानाचा तुकडा लॅबला पाठवून वाय गुणसूत्र आहे का ते तपासून मिळतं, पण चार झाडांसाठी तेवढा खटाटोप मला तरी पटत नाही.

हे नर हुडकण्याचं काम एकेकाळी आपल्याकडे पगारी होतं हे वाचून मला फार मजा वाटली होती. १८९३-९४ मध्ये इंग्रज सरकारने नेमलेल्या इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशनच्या अहवालात बंगालमधल्या नौगांवच्या गांजा लागवडीचं वर्णन आहे. तिथे शेतकरी पोद्दार नावाचा माणूस लावायचे, इंग्रज त्याला गांजा डॉक्टर म्हणायचे. हा बाबा फुलोरा यायच्या आधी शेतातून फिरत नर झाडं हुडकून मोडत जायचा. एक फेरी पुरायची नाही, परत यावं लागायचं, आणि नर राहून गेले की मालात बी भरून भाव पडायचा. ना भिंग ना लॅब, नुसत्या नजरेवर. आणि आपण चार कुंड्यांसमोर फोन धरून बसतो.

तर बी. साधं बी म्हणजे वर सांगितलं तसं निम्मं-निम्मं. दुसरं फेमिनाइज्ड बी, आणि इथल्या दुकानात बहुतेक हेच दिसतं. ते बनतं कसं ते गमतीचं आहे. मादी झाडावर चांदीचं द्रावण, सिल्व्हर थायोसल्फेट, फवारतात, त्याने झाडातलं इथिलीनचं काम अडतं आणि मादीच नराची फुलं काढायला लागते. पण तिच्याकडे वाय आहेच कुठे, त्यामुळे त्या परागातून जे बी होतं ते जवळपास सगळं मादीच. फवारलेलं झाड अर्थातच टाकून द्यायचं असतं, त्याचा धूर ओढायचा नसतो. तिसरं ऑटोफ्लॉवर, रुडेरालिस जातीच्या रक्ताचं, बाकीची झाडं दिवस छोटा झाला की फुलतात, हे मात्र दिवस किती मोठा आहे याची पर्वा न करता वयानुसार फुलतं, छोटं राहतं आणि लवकर उरकतं. बाल्कनीवाल्यांना ठीक आहे.

बियाचं रोप सोटमूळ घेऊन येतं, खोल जातं, जोमाने वाढतं. पण तोटा असा की एकाच पाकिटातली चार बियं म्हणजे चार भावंडं, एक ठेंगणं, एक ताडमाड, एकाला सप्टेंबरमध्ये बुरशी धरते आणि शेजारचं ठणठणीत. मला हे आवडतं. काहींना वैताग येतो.

क्लोन म्हणजे मादी झाडाची फांदी कापून मुळं फोडलेली, जास्वंदाची लावतो तशीच, दहा-चौदा दिवसांत मुळं येतात. नर-मादीचा प्रश्नच संपला, आई मादी तर लेक मादी. वाढ, वास, कधी तयार होणार, सगळं आधीच माहीत. चार झाडांच्या हिशोबात हा फायदा मोठा आहे, नाकारत नाही. पण क्लोन आईचं सगळंच घेऊन येतो. कोळी, मावा, भुरी, सगळं फुकट. आणि सगळ्यात वाईट म्हणजे हॉप लेटंट व्हायरॉइड (विषाणूहूनही छोटा रोगकारक), मूळचा हॉप्सच्या, म्हणजे बिअरमध्ये घालतात त्या फुलांच्या वेलावरचा, २०१९ मध्ये कॅलिफोर्नियात गांजाच्या झाडांत सापडला. झाड वरून चांगलं दिसतं आणि फुलोऱ्यात मात्र किरटं, राळ कमी. तो कात्रीवरून पसरतो, म्हणजे एका मादीवरून क्लोन कापले आणि त्याच कात्रीने दुसरी कापली की झालं काम. बियांतूनही थोडाफार जातो पण क्लोनमधून जातो तसा नाही. त्यामुळे "माझ्याकडे मस्त झाड आहे, फांदी देते" म्हणणाऱ्या मैत्रिणीला मी प्रेमाने नको म्हणते, आणि घेतलीच तर दोन आठवडे बाकीच्यांपासून लांब ठेवते.

क्लोनची आणखी एक भानगड आहे जी इथे दर वर्षी कोणीतरी करतंच. क्लोन वयाने आईएवढाच असतो, फुलायला तयार. घरात अठरा तास दिव्याखाली वाढलेला क्लोन मे महिन्याच्या सुरुवातीला बाहेर ठेवला तर बाहेरचा दिवस त्याला एकदम छोटा वाटतो, तो फुलायला लागतो, मग जूनमध्ये दिवस अजून मोठा झाला की परत पानं काढायला लागतो, एकेरी, वेडीवाकडी पानं, आणि त्यात महिना जातो. टोरांटोजवळ २१ जूनला दिवस जवळजवळ साडेपंधरा तासांचा असतो. म्हणून क्लोन जूनमध्येच बाहेर. बियांची रोपं तेवढी नाजूक मनाची नसतात, व्हिक्टोरिया डेचा (मे अखेरच्या सुमाराची इथली सुट्टी) वीकेंड झाला, दव गोठायची भीती संपली की टोमॅटोबरोबर बाहेर काढली तरी चालतात. (व्हिडिओ कॉलवर आई विचारते, "अगं, टोमॅटोच्या पलीकडचं ते उंच काय आहे?" मी झेंडू म्हणून सांगते. तिला पटत नाही, "झेंडूची पानं अशी कुठे असतात बाई", पण ती विषय वाढवत नाही.)

माझं मत विचाराल तर आमच्यासारख्या अंगणवाल्यांनी फेमिनाइज्ड बी लावावं, आणि एखादं तरी साधं बी लावावं, नर ओळखायला शिकण्यासाठी. कारण नर ओळखणारी तयार नजर असावीच लागते. फेमिनाइज्ड असो की क्लोन असो, मादी झाड सुद्धा त्रास झाला की नराची फुलं काढू शकतं. रात्री त्याच्यावर अंगणातला दिवा पडतो, कडक ऊन, पाण्याची ओढाताण, कशानेही. मादीच्या फुलोऱ्यातूनच पिवळे लांबट दांडे डोकावतात, आणि एवढ्याशाने सुद्धा बी धरतं. "फेमिनाइज्ड आहे, बघायची गरज नाही" म्हणून निर्धास्त राहिलेल्यांची फजिती इथेच होते.

यानेच रुडॉल्फ कामेरारियसला छळलं होतं. जर्मनीत ट्यूबिंगेनचा हा डॉक्टर, वनस्पतींनाही लिंग असतं हे १६९४ मध्ये प्रयोगाने दाखवणारा. तुती, एरंड, पालक यांनी त्याला साथ दिली, नर काढले की बी धरत नाही. भांगेच्या झाडांनी नाही दिली. माद्या वेगळ्या लावल्या तरी थोडं बी धरलंच, आणि बिचाऱ्याने ते लपवलं नाही, आपल्या पत्रात लिहून ठेवलं. आज आपल्याला माद्यांवर चुकून येणारी नराची फुलं माहीत आहेत आणि वाऱ्यावर पराग किती लांब जातात तेही माहीत आहे. ओंटारियोत तर धाग्या-बियांसाठीच्या हेम्पची शेती १९९८ पासून कायदेशीर आहे, अशा शेताच्या वाऱ्याच्या दिशेला घर असेल तर आपले सगळे नर काढूनसुद्धा बी सापडू शकतं. त्यावर उपाय नाही.

आणि नर सापडला तर तसाच उपटू नका. गोळ्या बंद असतील तर काही नाही, पण एखादी जरी फुटलेली असेल तर झटक्याने पिवळी धूळ उडते आणि शेजारच्या मादीवर बसते. सकाळी वारा नसताना झाडावर पाणी फवारायचं, ओले पराग रुजत नाहीत, मग वरून मोठी पिशवी घालून बुंध्याला बांधायची आणि खाली कापायचं. बाहेर काढल्यावरच पिशवी उघडायची, मादीच्या जवळ नाही. हात धुवायचे, शर्ट बदलायचा. त्या दिवशी मादीकडे जायचंच नाही, कितीही हात शिवशिवला तरी.