सालांच्या पाट्यांचा रस्ता

हिंदी महासागरातल्या रीयुनियन या फ्रेंच बेटाच्या पूर्व किनाऱ्याने आरएन-२ हा महामार्ग जातो. सेंत-रोज सोडलं की सेंत-फिलीप येईपर्यंत मधे ग्रां ब्रुले नावाचा ओसाड पट्टा लागतो. तिथे वस्ती नाही, म्हणून गावांच्या पाट्याही नाहीत. आहेत त्या सालांच्या. २००४, २००५, २००७. त्या त्या वर्षी पितों द ला फूर्नेझ या ज्वालामुखीचा लाव्हा इथे रस्ता ओलांडून समुद्राकडे गेला.

खरं तर पाटी नसती तरी चाललं असतं. ताजा दगड काळाकुट्ट असतो, मग त्यावर करडं-पांढरं दगडफूल चढतं, मग नेचे, मग झुडपं. या बाजूला पाऊस इतका बेफाम पडतो की हिरवळ फार वाट पाहायला लावत नाही. २००७च्या एप्रिलमधला थर मात्र काही ठिकाणी कित्येक मीटर जाड होता. वर रस्ता झाला तरी पुढे कित्येक वर्षं पोटात धग शिल्लक होती. सर आली की दोन्ही बाजूंनी वाफा निघायच्या.

इथे लाव्हा उकरून जुना रस्ता शोधत बसत नाहीत, त्याच्याच पाठीवर नवा घालतात. आपल्याकडे दरवेळी डांबराचा थर चढून घरांचे उंबरे रस्त्याखाली जातात, तसंच. फक्त इथे मधला थर कंत्राटदाराचा नाही.

मला या दगडाचं परकेपण काही वाटेना. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भारताची भूमी ज्या तप्त स्थानावरून, म्हणजे पृथ्वीच्या पोटातून लाव्हा वर येत राहतो अशा जागेवरून, सरकत होती, ते आज रीयुनियनखाली आहे, असं बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. तेव्हाच्या लाव्हाचे थर म्हणजे आपला सह्याद्री. वेरूळचं कैलास त्यातच कोरलेलं. आता कसारा घाटात अशी पाटी लावायची झाली, तर साल कुठलं लिहायचं?

बेटावरच्या लोकांना याचं फार ओझं नसावं. १९७७ साली पितों सेंत-रोज गावात घरं गिळत आलेला लाव्हा चर्चच्या दाराशी दुभंगला, ते चर्च आजही वापरात आहे. जवळच निळी छत्री धरलेली मेरीमातेची मूर्ती ज्वालामुखीपासून रक्षणासाठी उभी केलेली आहे. आणि लाव्हा रस्त्याकडे निघाल्याची बातमी आली, की माणसं पळण्याऐवजी मुलाबाळांसकट, खाणंपिणं घेऊन तिकडेच निघतात. ग्रां ब्रुलेत मग गाडी लावायला जागा मिळत नाही.