विसळणे आणि घासणे

आमच्या घरी कुत्रा येऊन चार वर्षे झाली. मांजर त्यानंतर वर्षभराने बाल्कनीतून आपण होऊन आले आणि राहिले. दोघांच्या खाण्यापिण्याच्या बाबतीत मी स्वतःला काटेकोर समजत होतो. पाणी सकाळ-संध्याकाळ बदलत होतो, भांडे नळाखाली धरून दोन हिसके देत होतो आणि काम झाले असे मानत होतो. गेल्या मे महिन्यात साताऱ्याहून आत्या राहायला आली. दुसऱ्याच दिवशी सकाळी तिने कुत्र्याच्या पाण्याच्या भांड्यात बोट घातले, आतल्या कडेने एकदा फिरवले, अंगठ्याशी चोळून पाहिले आणि विचारले, "हे घासतोस का नुसतं विसळतोस?"

"रोज दोनदा पाणी बदलतो की गं आत्या."

"पाण्याचं कुठं विचारलं मी?"

ती ओट्याकडे निघून गेल्यावर मीही बोट फिरवून पाहिले. भांडे डोळ्यांना स्वच्छ दिसत होते, वासही येत नव्हता. पण चिरलेल्या भेंडीवरून सरकावे तसे बोट आतून सरकले. काठाशी, पाण्याची पातळी जिथे असते तिथे, फिकट गुलाबी रेघ होती. ती मी इतके दिवस स्टीलवरचा डाग समजत होतो.

हा बुळबुळीत थर म्हणजे जिवाणूंची वसाहत असते. कुत्रा पाणी पितो तेव्हा लाळ आणि तोंडातले अन्नकण भांड्यात उतरतात, त्यावर जिवाणू चिकटतात आणि स्वतःभोवती चिकट आवरण तयार करतात. या आवरणाला जैवपटल म्हणतात. त्यावरून नळाचे पाणी सहज ओघळून जाते आणि जिवाणू जागच्या जागी राहतात. आपण ओततो ते पाणी ताजे असते, पण ते पडते कालच्या थरावर. ओलसर जागी दिसणारी गुलाबी झाक बहुधा सेरेशिया नावाच्या जिवाणूची असते. न्हाणीघराच्या फरश्यांच्या सांध्यांमध्येही तीच दिसते. हा थर साबण आणि घासणी लावून रगडल्याशिवाय सुटत नाही. विसळणे आणि घासणे यांतला हा फरक आपल्याला आपल्या ताटाबाबत लहानपणापासून ठाऊक असतो. मग मुक्या प्राण्याच्या भांड्यापाशी आल्यावर तो कसा विसरतो, याचे उत्तर मला अजून सापडलेले नाही.

माझ्यासारखे पुष्कळ आहेत, एवढाच काय तो दिलासा. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी कुत्रा पाळणाऱ्या 417 जणांना त्यांच्या सवयी विचारल्या आणि 2022 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. खाण्याचे भांडे दिवसातून एकदा धुणारे 12 टक्के निघाले, आठवड्यातून एकदा धुणारे 22 टक्के, आणि तीन-तीन महिन्यांनी धुणारे किंवा कधीच न धुणारे 18 टक्के. तिथल्या अन्न व औषध प्रशासनाची सूचना अशी आहे की भांडे आणि खाद्य काढायचा चमचा दर वापरानंतर साबण व गरम पाण्याने धुवावा. ही सूचना माहीत असलेले लोक पाच टक्केही नव्हते. त्याच अभ्यासात 71 अंश सेल्सिअसहून गरम पाणी वापरले तेव्हा जिवाणू अधिक कमी झाल्याचे दिसले. एवढ्या गरम पाण्यात हात घालता येत नाही आणि आपल्या गिझरमधून सहसा तेवढे कढत पाणी येतही नाही. म्हणून मी आधी साबणाने घासतो आणि आठवड्यातून दोनदा गॅसवर उकळलेले पाणी भांड्यात ओतून ते निवेपर्यंत तसेच राहू देतो.

किती वेळा घासावे, याचे माझे उत्तर आता ठरलेले आहे. खाण्याचे भांडे प्रत्येक जेवणानंतर घासायचे, कारण दुपारच्या खरकट्या ताटात आपण रात्रीचे वाढून घेत नाही. पाण्याचे भांडे दिवसातून एकदा घासायचे. चिकन-भात किंवा दही-भात असेल तर कुत्रा बाजूला झाल्यावर अर्ध्या तासात उरलेले काढून टाकायचे, कारण मे महिन्याच्या उकाड्यात ते आंबायला वेळ लागत नाही. मांजराच्या कोरड्या खाद्याबाबत "त्यात काय घाण व्हायचंय" असे मीही म्हणत असे. पण त्या दाण्यांना वरून चरबीचा हात दिलेला असतो, ती भांड्याच्या तळाला बसते आणि खवट होते. जुन्या दाण्यांवर नवे ओतत गेलो तर तळाचा वास मांजराला आपल्या आधी येतो. आमचे मांजर भांडे हुंगून निघून जाई, तेव्हा आम्ही त्याला नखरेल म्हणत होतो.

मांजराचे भांडे तेव्हा प्लास्टिकचे होते. प्लास्टिकवर घासणीचे बारीक ओरखडे उठतात आणि त्या ओरखड्यांत थर घर करतो, तिथे घासणी पोचत नाही. मांजराच्या हनुवटीवर काळे ठिपके दिसू लागल्यावर पशुवैद्यांनी पहिला प्रश्न भांड्याविषयी विचारला. अशा ठिपक्यांचे कारण एकच असते असे नाही, पण प्लास्टिक सोडून पाहा, असे त्यांनी सुचवले. आता दोघांनाही स्टीलची भांडी आहेत आणि प्रत्येकाचे दोन जोड आहेत, म्हणजे एक वापरात असताना दुसरे उन्हात वाळते.

घासणीचा मुद्दा घरात थोडा वादाचा ठरला. भांडी घासायला येणाऱ्या मावशींनी कुत्र्याचे भांडे आपल्या भांड्यांत घेणार नाही असे स्पष्ट सांगितले, आणि मला त्यात काही गैर वाटले नाही. आता कुत्र्या-मांजराच्या भांड्यांची वेगळी घासणी बाल्कनीतल्या नळाशी खिळ्याला टांगलेली असते. ती वाळणे महत्त्वाचे आहे. एनएसएफ या अमेरिकी संस्थेने 2011 मध्ये 22 घरांतल्या वस्तूंची तपासणी केली तेव्हा पाळीव प्राण्यांचे भांडे अस्वच्छतेत चौथे आले होते, आणि पहिला क्रमांक भांडी घासायच्या स्पंजचा व फडक्याचा होता. घासणीच ओली आणि कळकट असेल तर घासण्याला अर्थ उरत नाही. आणखी एक गोष्ट बजावून सांगतो: जास्त स्वच्छतेच्या हौसेने भांड्याला फिनेल लावू नये. फिनॉल गटातील रसायने निकामी करण्याची ताकद मांजराच्या यकृतात फार कमी असते. भांड्यांचा साधा साबण पुरतो, मात्र तो नीट धुऊन काढला पाहिजे.

सोसायटीच्या फाटकाशी, रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी ठेवलेल्या जर्मनच्या पातेल्याचा प्रश्न वेगळा आहे. उन्हाळ्यात ते आम्ही कौतुकाने भरतो आणि पावसाळ्यात विसरतो. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच स्वच्छ, साठलेल्या पाण्याशी येतो. त्याची अंडी पाण्याच्या रेषेवर, भांड्याच्या भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने तग धरतात. म्हणून पातेले नुसते पालथे करून भागत नाही, त्याच्या भिंती घासाव्या लागतात. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात; आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा असे जे सांगतात त्याचे कारण हेच आहे. रात्री त्या पातेल्याशेजारी खरकटे राहिले की उंदीर येतात, आणि उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो; तो कुत्र्यांना होतो तसा माणसांनाही होतो. रात्री नऊनंतर तिथे अन्न ठेवू नये, असे आम्ही आता ठरवले आहे.

ते पातेले दर गुरुवारी मी काथ्याने घासतो. आमचे वॉचमनकाका पहिले दोन आठवडे नुसते बघत उभे होते. तिसऱ्या गुरुवारी मला उशीर झाला. खाली उतरलो तर पातेले घासून, उन्हात पालथे घातलेले होते.