निम्मे बाण चुकतातच

मुलगा सतरा वर्षांचा, राहायला नंदनवनला. तक्रारी दोन : खर्रा, म्हणजे घोटलेली सुपारी-तंबाखू, आणि मारामारी. नागपुरात धंतोलीतल्या आमच्या क्लिनिकमध्ये अशा केसला हिस्टरी घ्यायला पाऊण तास जातो, त्यातला बराचसा नातेवाइकांचे शेरे ऐकण्यात. या वेळी मात्र आईनं आधी फाइलच पुढे केली. घरबसल्या थुंकी पाठवून मागवलेला जनुकांचा रिपोर्ट, गुळगुळीत कागदाचा. एका पानावर तांबड्या पट्टीत लिहिलेलं : आवेगावर नियंत्रण कमी.

"मॅडम, जन्मताच हाय ना हे? सासूबाई दोन वर्षांपासून म्हणून राहिल्या, तूच लाडानं बिघडवला."

मी मान डोलावली आणि मुलाला स्टॉप-सिग्नल चाचणीला बसवलं. पडद्यावर बाण दिसला की त्या बाजूचं बटण दाबायचं. चारातल्या एका बाणानंतर शिटी वाजते, तेव्हा हात आवरायचा. कुलरच्या घरघरीत शिटी ऐकू येईना म्हणून कुलर बंद केला. मे महिना. तिघंही घामाघूम.

मुलगा हुशार. दहाव्या बाणाला त्यानं शिटीची वाट बघत रेंगाळायला सुरुवात केली. बहुतेक जण हेच करतात आणि मग आकडे वाया जातात. दोनदा दटावलं, तेव्हा कुठे सरळ खेळला.

आई मागे उभी राहून बोटांच्या पेरांवर चुका मोजत होती. "४८ पैकी २५ वेळा चुकला हो."

चुकणारच. थांबता आलं की पुढची शिटी ५० मिलिसेकंद उशिरा वाजते, नाही आलं की तेवढीच लवकर. म्हणजे राजा असो की रंक, निम्म्या वेळा चुकावं अशीच या चाचणीची रचना आहे. मोजायचं असतं ते थांबायला लागणारा वेळ. याचा आला २३१ मिलिसेकंद, चारचौघांसारखा. 'पन्नास टक्के चुका, नियंत्रण दुबळे' असे शेरे मी शिकल्यासवरल्या लोकांच्या सहीनिशी पाहिलेत. चाचणी विकत घेतात, पुस्तिका वाचत नाहीत.

मग रिपोर्टकडे वळले, आणि इथेच माझी गाडी घसरली. मी तिला २०१२ सालचा युरोपातला अभ्यास सांगत बसले. चौदा वर्षांची १,८९६ मुलं, एमआरआयमध्ये झोपवून हीच चाचणी. नॉरएपिनेफ्रिन हे मेंदूतलं निरोप पोचवणारं रसायन; ते परत शोषून घेणाऱ्या वाहकाचं एक जनुक आहे, एसएलसी६ए२. त्यातल्या फरकाचा संबंध मुलं थांबताना मेंदूच्या उजव्या पुढच्या भागात होणाऱ्या हालचालीशी दिसला. एडीएचडीच्या, म्हणजे लक्ष न टिकणाऱ्या, अतिचंचल मुलांना देतात ते अ‍ॅटोमॉक्सेटिन हे औषध याच वाहकाला अडवतं. पण व्यसनाच्या वाटेला लागलेल्या मुलांमध्ये आणि एडीएचडीची लक्षणं असलेल्या मुलांमध्ये मेंदूची वेगवेगळी जाळी मंद दिसली. म्हणजे आवेग ही एकच गोष्ट नाही. आणि शेकडो मुलांच्या सरासरीत दिसणारा बारीकसा फरक एका पोराच्या कपाळावर चिकटवता येत नाही.

सगळं खरं. तिनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे माझंच चुकलं ना?"

"तसंही नाही," मी म्हणाले. पुढचं वाक्य सुचेना.

मुलगाच बोलला. "मॅडम, पानठेल्यावर शिटी कुठं वाजते?"

याचं उत्तर त्या १,८९६ मुलांत नव्हतं. चाचणीत थांबायचं कधी ते कोणीतरी सांगतं. ठेल्यावर पोरगा घोटून पन्नीत बांधून देतो तेव्हा कोणी सांगत नाही. पुढच्या बैठका यावरच घ्यायच्या, एवढं तरी त्या क्षणी ठरलं.

जाताना आई परत आली, एकटीच. "रिपोर्ट खोटा हाय असं कागदावर लिहू नका. घरी दाखवलाय मी."

खोटा असं मी म्हटलंच नव्हतं. पण ती गेल्या दोन महिन्यांत पहिल्यांदा नीट झोपली होती, ते या तांबड्या पट्टीमुळे.

मी लिहिलं : 'जनुकीय अहवाल पाहिला.' पूर्णविराम. अशी गुळमुळीत ओळ दुसऱ्यांच्या कागदांवर दिसली की मी चिडते. पुढच्या सोमवारी ती येणार आहे, सासूबाईंना घेऊन.