वाशिष्ठीला 'द', चिपळूणला नाही

इंग्रजीतला 'द' कुठे लावायचा याचे नियम शाळेत पाठ करून घेतात. नद्यांना लावा, समुद्रांना लावा, डोंगररांगांना लावा. एकट्या शिखराला नको, गावाला तर नकोच. म्हणजे पावसाळ्यात फुगते ती 'द वाशिष्ठी', आणि पाणी शिरतं ते नुसत्या चिपळुणात. चिखल उपसायचा बाजारपेठेने, मान मात्र नदीचा!

एके काळी हा मान कोकणालाही होता. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा १८८० सालचा रत्नागिरी-सावंतवाडीचा खंड उघडून बघा. साहेब सरळ 'द कोकण' लिहितो, 'द डेक्कन' आणि 'द पंजाब' लिहावं तसं. आता तो 'द' पुष्कळ ठिकाणी गळालाय. युक्रेनवाल्यांना १९९१ साली स्वतंत्र झाल्यावर आपला 'द' नकोसाच झाला, कारण त्याने देश कुणाचा तरी प्रांत वाटतो. आपल्याकडे कुणी हरकत घेतल्याचं ऐकिवात नाही. जुन्या भिंतीचा गिलावा पडावा तसा तो आपसूक पडला.

पण नद्या-डोंगरांची ही यादी पाठ करून 'द' काही हाती लागत नाही. त्याचं खरं काम एवढंच: कुठली वस्तू ते तुलाही ठाऊक आणि मलाही. आणि या बाबतीत कोकणी माणसाला कुणी शिकवायला नको. मालवणच्या जेटीवर 'होडी इली' अशी हाक आली, की कुठली होडी हे विचारणारा हमखास पर्यटक असतो.

शिवाय आपल्यालाही 'द' आहे, फक्त तो शेपटाकडे बसतो. घरातल्या म्हाताऱ्याने 'म्हैस बघून ये' म्हटलं, तर पोरगा पायात चपला घालून गावोगाव हिंडणार, दूध किती देते, दात किती, किंमत काय, सगळी चौकशी करणार. 'म्हशीला बघून ये' म्हटलं, तर तो अनवाणीच मागच्या गोठ्यात जाणार. एका 'ला'ने केवढी पायपीट वाचली! याचा नियम त्या पोराला कुणी सांगितलेला नसतो, आणि बहुधा म्हाताऱ्यालाही सांगता यायचा नाही.

त्याच पोराला इंग्रजीच्या पेपरात रिकामी जागा भरायची असते. तिथे म्हैस गोठ्यातली की बाजारातली, हे पेपर काढणारा सांगत नाही, आणि अर्धा गुण मात्र कापतो.