ठाणे ते न्यूजर्सी: 14 नाही, सव्वाअठ्ठावीस तास

मुंबई-न्यूयॉर्क 12,500 किलोमीटर, 14 तास. नेटवर हे वाचलं आणि आईच्या गोळ्या हातातल्या बॅगेत दोन वेळच्याच ठेवल्या, बाकीच्या मोठ्या बॅगेत. तिकिटावर पहाटे 4.30ला सुटून त्याच दिवशी दुपारी 2.30ला पोचणार असं दिसत होतं. त्या वेळा ज्या त्या गावच्या असतात. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्यामागे साडेनऊ तास. ही बेरीज आम्ही केलीच नाही आणि आईची एक गोळी चुकली. औषधं दोन दिवसांची जवळ ठेवा.

ते 14 तास म्हणजे नुसता भागाकार: पृथ्वीगोलावरचं सर्वांत कमी अंतर भागिले ताशी 900. ती रेषा पाकिस्तान, मध्य आशिया, रशियावरून जाते. एप्रिल 2025 पासून पाकिस्तानचं आकाश भारतीय विमानांना बंद आहे, त्यामुळे आपल्या थेट विमानांना वळसा पडतो. शिवाय जाताना वारा समोरून. आम्ही दुबईवरून गेलो: 1,930 अधिक 11,000. जेमतेम साडेचारशे किलोमीटर जास्त. विमानात बसलो सव्वासतरा तास. उरलेले अकरा तास जमिनीवर गेले.

त्यातला सर्वांत वाईट टप्पा आपल्या दारातला. ठाण्यातल्या कासारवडवलीहून रात्री 11.30ला निघालो. रस्ता मोकळा मिळेल असं वाटलं होतं, पण त्या वेळी घोडबंदर रोडवर अवजड वाहनं सुटलेली होती, त्यात मेट्रोचं काम. माजिवड्यापर्यंतच पाऊण तास गेला. पुढे ऐरोली, पवई करत सहारला, म्हणजे मुंबई विमानतळावर, पोचलो तेव्हा दीड वाजून गेला होता. तीसेक किलोमीटरला दोन तास! भाडं ठरलेलं असूनही चालकाने वर टोलचे पैसे मागितले. ऑक्टोबर 2024 पासून मुंबईच्या वेशीवरच्या पाचही नाक्यांवर हलक्या वाहनांना टोल नाही. एक पैसा देऊ नका. मी दिले, आई दमली होती म्हणून. अजून राग जात नाही.

आता नवी मुंबईचा विमानतळही सुरू झालाय, तेव्हा गाडी सांगण्याआधी तिकिटावर बीओएम (मुंबई) आहे की एनएमआय (नवी मुंबई) ते पाहा.

दुबईत काही त्रास नाही.

आम्ही न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळावर उतरलो. न्यूजर्सीला जाणाऱ्यांनी तिथलं तिकीट काढूच नये. इमिग्रेशन आणि सामानात पावणेदोन तास, मग न्यूजर्सीतल्या एडिसनपर्यंत गाडीत आणखी दोन. नेवार्क विमानतळ न्यूजर्सीतच आहे; थोडं महाग पडलं तरी तेच घ्या. आणि आईवडील सोबत असतील तर व्हीलचेअर तिकिटासोबतच सांगून ठेवा. आम्ही सांगितली नव्हती, रांगेत आईचे पाय सुजले.

येताना वारा पाठीशी असतो, न्यूयॉर्क-दुबई साडेबारा तासांच्या आसपास. पण उतरल्यावर परत घोडबंदर आहेच. यावेळी भावाला गाडी घेऊन बोलावलंय.