पंधरा मिनिटं उभं राहायचे पैसे

मागच्या मंगळवारी आमच्या काउंटीच्या (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) कमिशनरांसमोर, म्हणजे बजेट ठरवणाऱ्या निवडून आलेल्या लोकांसमोर, बोलायला गेले होते. तिथे प्रत्येकाला तीन मिनिटं मिळतात, वेळ संपली की बसायचं. विषय होता ओपिऑइड सेटलमेंटचे पैसे कशावर खर्च करायचे. ओपिऑइड म्हणजे हेरॉइनसारखी किंवा अफूच्या जातीची वेदनाशामकं, ज्यांचं व्यसन लागतं, आणि सेटलमेंट म्हणजे त्यावरच्या खटल्यांत औषध कंपन्यांनी भरायचे कबूल केलेले पैसे. मी इथे अमेरिकेत काउंटी जेलमध्ये नर्स आहे, बरीच वर्षं झाली, त्यामुळे मला जे सांगायचं होतं ते तीन मिनिटांत मावणारं नव्हतंच. राहिलेलं इथे लिहितेय.

आधी जेल आणि प्रिझन यातला फरक सांगते, कारण आपण दोन्हीला तुरुंगच म्हणतो. प्रिझन राज्याचं किंवा केंद्राचं, शिक्षा झालेल्यांसाठी. जेल बहुतेक ठिकाणी काउंटीचं, शेरिफच्या (काउंटीच्या पोलीस प्रमुखाच्या) ताब्यातलं, आणि तिथले बरेचसे लोक खटल्याची वाट बघत बसलेले, म्हणजे अजून दोषी ठरलेलेच नाहीत. कुणी दोन दिवस असतो कुणी सहा आठवडे. रस्त्यावरून थेट आमच्याकडे येतात, शेवटचा डोस त्याच सकाळी घेतलेला असतो आणि विथड्रॉवल, म्हणजे नशा अचानक तुटल्यावर होणारा त्रास, सुरू होतं ते आमच्या कोठडीत.

सुरुवातीला जांभया, नाक गळणं, अंगावर काटा, डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या. मग उलट्या आणि जुलाब. ओपिऑइडच्या विथड्रॉवलने कोणी मरत नाही असं मी कितीदा ऐकलंय, पण ते खरं नाहीये, अंगातलं पाणी संपतं आणि जेलमध्ये माणसं त्याने मेलेली आहेत. मी आधी ज्या जेलमध्ये होते तिथे एका रात्री विशीतला एक मुलगा भिंतीकडे तोंड करून पडून होता आणि दर राउंडला डेप्युटीने (शेरिफच्या हाताखालच्या पहारेकऱ्याने) वहीत ‘झोपलाय’ असं लिहिलं होतं, प्रत्येक वेळी तेच. मी सकाळची औषधं द्यायला गेले तेव्हा त्याला उठून बसता येईना, ओठ फाटलेले, बीपी खूप खाली. अँब्युलन्स बोलावली, वाचला तो. पण त्या डेप्युटीवर मला तेव्हाही राग आला नाही, कारण त्याला काय बघायचं हे कुणी शिकवलंच नव्हतं. त्याला मारामारी कशी सोडवायची ते शिकवलं होतं.

आणि पैशाचंच बोलायचं तर त्या एका सकाळी अँब्युलन्स झाली, हॉस्पिटल झालं आणि पलंगाशी दोन डेप्युटी ओव्हरटाइमवर बसून राहिले. हे बिल कुणाला दिसत नाही कारण ते वेगवेगळ्या खात्यांत जातं.

या व्यसनावर औषधं आहेत. मेथाडोन, ब्युप्रेनॉर्फिन आणि नालट्रेक्सोन. न्यूयॉर्कच्या रायकर्स आयलंडमध्ये १९८७ पासून मेथाडोन देतात, म्हणजे हे काही काल सुचलेलं नाही. कायदाही बाजूने आहे, सुप्रीम कोर्टाने १९७६ मध्येच सांगितलंय की कैद्याच्या गंभीर आजाराकडे जाणूनबुजून दुर्लक्ष करणं घटनेविरुद्ध आहे, आणि एप्रिल २०२२ मध्ये जस्टिस डिपार्टमेंटने स्पष्ट केलं की डॉक्टरांनी सुरू करून दिलेलं हे औषध जेलने सरसकट बंद केलं तर तो अपंगत्व कायद्याचा भंग ठरू शकतो. डॉक्टरांना ब्युप्रेनॉर्फिन लिहायला वेगळी परवानगी लागायची तीही डिसेंबर २०२२ च्या कायद्याने गेली.

मग अडतं कुठे, तर मेडिकेडमध्ये, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्यात. १९६५ च्या मूळ कायद्यातच असं आहे की माणूस जेलमध्ये असताना त्याच्या उपचाराला मेडिकेडचे केंद्राचे पैसे मिळणार नाहीत, मोठा अपवाद म्हणजे हॉस्पिटलमध्ये ॲडमिट केलं तर. म्हणजे ज्या माणसाचं सबोक्झोन (ब्युप्रेनॉर्फिन असलेलं औषध) बाहेर असताना मेडिकेड भरत होतं, त्याला आत आणलं की दुसऱ्या दिवसापासून तो खर्च काउंटीचा. कॅलिफोर्नियाने जानेवारी २०२३ मध्ये सगळ्यात आधी सूट मिळवली, सुटकेच्या आधीचे ९० दिवस मेडिकेडमधून. पण जेलमध्ये सुटका कधी होईल हे कुणाला माहीत असतं? जज दुपारी जामीन देतात आणि संध्याकाळी माणूस रस्त्यावर.

याच संध्याकाळची मला सगळ्यात भीती वाटते. वॉशिंग्टन राज्यात प्रिझनमधून सुटलेल्यांचा अभ्यास झाला होता, २००७ मध्ये छापून आला, त्यात पहिल्या दोन आठवड्यांत ओव्हरडोसने मरण्याचा धोका बाकी लोकांच्या १२९ पट निघाला. तेही फेंटानिल हे फार जहाल ओपिऑइड एवढं पसरायच्या आधी. आत असताना शरीराची सवय मोडते, बाहेर जाऊन माणूस जुनाच डोस घेतो.

उलट रोड आयलंडने २०१६ मध्ये सगळ्यांना तपासून तिन्ही औषधं द्यायला सुरुवात केली, बाहेर गेल्यावर कुठे जायचं तेही ठरवून दिलं. २०१६ च्या पहिल्या सहा महिन्यांत नुकत्याच सुटलेल्यांपैकी २६ जण ओव्हरडोसने गेले होते, २०१७ च्या त्याच सहा महिन्यांत ९. सतरा माणसं. मी हा आकडा मीटिंगमध्ये सांगितला तेव्हा हॉल जरा शांत झाला.

आता माझा मुद्दा. औषध विकत घेणं हा यातला सोपा भाग आहे. सबोक्झोनची पट्टी जिभेखाली ठेवून ती पूर्ण विरघळली हे तपासेपर्यंत दहा-पंधरा मिनिटं जातात, तेवढा वेळ कुणीतरी समोर उभं राहून बघावं लागतं, नाहीतर ती गालात दाबून बाहेर जाते आणि विकली जाते, कधी धमकावून काढूनही घेतली जाते. नर्स एक असते, तिच्यामागे पाच कोठड्या. उभा राहणार डेप्युटी. आणि त्या शिफ्टला माणसं कमी असली की तोच म्हणणार चला आटपा. असं दोन-चार वेळा झालं, पट्ट्या बाहेर सापडल्या, की वरून ऑर्डर येते, प्रोग्राम बंद. मी हे बघितलंय. औषध तेच होतं, पैसेही होते, पंधरा मिनिटं उभा राहणारा माणूस नव्हता.

म्हणून मी सांगितलं की पगार आणि ट्रेनिंग त्याच बजेटमध्ये धरा. अर्ध्या तासाचा व्हिडिओ नको, शिफ्टवरच्या डेप्युटीला ड्यूटीतून मोकळं करून पूर्ण दिवस द्या, आणि त्या दिवशी त्याच्या जागी उभा राहणाऱ्याचे पैसेही धरा, नाहीतर कुणी येत नाही. बाहुली टाचणीच्या टोकाएवढी आणि श्वास मंद म्हणजे ओव्हरडोस, नारकॅन (ओपिऑइडचा असर उतरवणारा नाकातला स्प्रे) द्या. बाहुली मोठी आणि उलट्या म्हणजे विथड्रॉवल, पाणी द्या, नर्सला बोलवा. दारूचं विथड्रॉवल वेगळं, त्यात फिट येते, थांबायचंच नाही. रात्री तीन वाजता डॉक्टर नसतो, तेव्हा माणसाला बघणारा तो डेप्युटीच असतो.

पैसे नाहीत हे यावेळी खरं नाही. औषध वितरक कंपन्यांच्या सेटलमेंटमध्ये १८ वर्षांत २१ अब्ज डॉलरपर्यंत यायचेत, जॉन्सन अँड जॉन्सनचे ५ अब्ज वेगळे, आणि हे कशावर खर्च करता येतील त्या यादीत जेलमधले उपचार स्पष्ट लिहिलेले आहेत.

माझी तीन मिनिटं संपली. पण मीटिंगनंतर एक कमिशनर बाई कॉरिडॉरमध्ये थांबल्या होत्या, त्यांनी विचारलं की रोज किती तास आणि किती माणसं लागतील ते एका पानावर लिहून द्याल का. मतदान पुढच्या महिन्यात आहे. ते पान आज ड्यूटीला जायच्या आधी पुरं करायचंय.